दोन क्रेडिटपुरती दिपमाला

दिपमाला पहिल्यांदा माझ्यासमोर उभी राहिली ती एक फॉर्म परत करायला. जळगावच्या आमच्या कॉलेजात त्या वर्षीपासून नवा नियम लागू झाला होता. पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासाबाहेरचा एक उपक्रम निवडायचा. त्याला दोन क्रेडिट, आणि ते नसतील तर निकाल अडकणार. सांस्कृतिक विभाग माझ्याकडे होता. मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते, आणि अशा नोकरीत जे काम कुणालाच नको असतं ते आपल्या टेबलावर येऊन पडतं.

"मॅडम, हा रकाना कोरा ठेवला तर चालेल का?" तिने विचारलं.

मी वर पाहिलं. तेहतीस-चौतीसची बाई, डोक्याला तेल, खांद्याला मुलीच्या शाळेची जुनी बॅग. मला वाटलं कुणाची तरी पालक असेल.

"नाव कुणाचं आहे?"

"माझंच. एफवायबीए."

कोरा ठेवून चालणार नाही, असं मी सांगितलं. एनएसएस घ्या म्हटलं, तर त्यात सात दिवसांचं मुक्कामी शिबिर, ते घरून जमणार नाही. खेळ म्हटल्यावर ती नुसती हसली. वाचनालयात बसून पुस्तकं लावून दिली तर चालेल का, असं तिने विचारलं. ते चालत नव्हतं. शेवटी तिने माझ्या यादीवरून बोट फिरवलं. वक्तृत्व, वादविवाद, समूहगीत, एकांकिका. मूकनाट्यावर बोट थांबलं.

"ह्यात बोलावं लागत नाही ना?"

"नाही."

"मग हेच लिहा."

न बोलण्याचं कारण मला नंतर कळलं. पहिल्याच आठवड्यात इतिहासाच्या सरांनी वर्गात विचारलं होतं, सगळे आले का? ही पुढच्या बाकावर. घरी बोलते तसं पटकन म्हणाली, "बठ्ठा उनात." सगळे आले, एवढंच. पण शंभर पोरांचा वर्ग हसला, आणि त्यात निम्मी पोरं अशी होती की ती घरी तसंच बोलतात. तेव्हापासून ती मागच्या बाकावर बसायची आणि हजेरीलाही नुसता हात वर करायची.

तीही पाचोऱ्याची, मीही. दोघी एकाच गाडीने अप-डाऊन करायचो, म्हणून तिचं घर मला कळत गेलं. बारावीला चौसष्ट टक्के पडले, पुढच्याच वर्षी लग्न झालं. नवरा नवल केळीचा ट्रक चालवतो, रावेर-फैजपूरकडून माल भरून दिल्लीकडे. एकदा गेला की आठ-दहा दिवस घरी नसतो. घरी सासू कमलबाई आणि सातवीतली मुलगी भूमिका. एका खेपेवरून आल्यावर नवल तिला म्हणाला होता, "समोरच्या गाडीचे दिवे आता मला फुटके दिसतात. अजून पाच वर्षं चालवीन, फार तर सहा. पुढचं तू बघ." म्हणून ही कॉलेजात. ती हौसेने आली नव्हती.

"मग मुक्त विद्यापीठातून का नाही केलं?" मी विचारलं होतं.

"घरी पुस्तक उघडलं की कुणीतरी चहा मागतं, मॅडम."

तालीम दुपारी तीन ते पाच. आमच्या मूकनाट्यात सहा जण. म्होरक्या भूषण, तिसऱ्या वर्षाचा, फैजपूरच्या केळीवाल्या घरातला. दोन वर्षं विद्यापीठाच्या युवक महोत्सवात उतरलेला, त्यामुळे परीक्षकांना काय लागतं ते आपल्याला पाठ आहे असं त्याला वाटायचं. त्याने सैनिकाचा विषय घेतला होता. मुलगा सीमेवर जातो, परत येतो तो तिरंग्यात. आईचं काम दिपमालाला. बाकीच्या पाच जणांच्या वयाकडे पाहून त्याला दुसरं काही सुचलंच नसेल.

पोरं तिला काकू म्हणायची. चहाला जाताना "काकू, येता का?" असं विचारायची, पण पाय आधीच दाराकडे वळलेले असायचे. तीही म्हणायची, तुम्ही जा. मग ती एकटी पंख्याखाली बसून डबा खायची, सकाळी सहाला भरलेला.

आईचं रडणं तिला येईना. मुलाचं प्रेत समोर आणि ही शांत बसलेली.

"काकू, रडा ना!" भूषण वैतागला.

"रडायला वेळ लागतो, दादा. माझी पाच चाळीसची गाडी आहे."

सगळी हसली. ती गंभीर होती. खरंच घड्याळाकडे बघत होती.

ऑगस्ट असा गेला, सप्टेंबर अर्धा गेला. पहाटे साडेचारला उठायचं, पाणी भरायचं, स्वयंपाक, भूमिकाची शाळा, गाडी, कॉलेजचे चार तास, तालीम, पुन्हा गाडी. घरी गेल्यावर भाकरी कमलबाईंनी केलेल्या असत, पण त्यांच्या गुडघ्यांमुळे चुलीपुढे पाट घेऊन केलेल्या, जाड आणि कच्च्या. त्या तशाच खायच्या आणि काही बोलायचं नाही. शिवाय कमलबाई कधी कधी विचारायच्याच, "शिकीसनी काय कलेक्टर व्हनार शे?"

एक दिवस मी रजेवर होते. दिपमाला एकटीच संध्याकाळच्या गाडीत बसली, खिडकीला डोकं टेकलं आणि झोपली. शिरसोली गेलं, म्हसावद गेलं, माहेजी, परधाडे, आणि पाचोरासुद्धा गेलं. जाग आली तेव्हा गाडी चाळीसगावला उभी होती. फोन बंद पडलेला. परतीच्या गाडीला दोन तास. घरी पोचेपर्यंत गल्लीत बोलणं सुरू झालं होतं. शेजारच्या बेबाबाईने तर कमलबाईंना तोंडावर सांगितलं होतं की, सून आता काही येत नाही.

दुसऱ्या दिवशी तालमीत तिचे डोळे सुजलेले. पुनमने विचारलं, काय झालं? पुनम म्हणजे आमच्या संघातली जळगावची मुलगी, बोलघेवडी, पण मनाने बरी. दिपमाला सांगायला लागली, दोन शब्द बोलली आणि अडखळली. मग तिने बोलणं सोडलं आणि करून दाखवलं. बाकावर बसली. मान खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. शेजारच्या बाईच्या खांद्यावर डोकं, त्या बाईने दिलेला धक्का, हिने मागितलेली माफी, आणि पुन्हा डोकं तिथेच. मग दचकून उठणं. खिडकीबाहेर वाकून पाटी वाचणं, एकेका अक्षरावर बोट ठेवत. चा. ळी. स. आणि पुढचं वाचायच्या आधीच कपाळावर हात.

पोरं लोळायची बाकी राहिली. ती पुढे करत गेली. परतीची गाडी, अंधारी गल्ली, शेजारणींचे चेहरे, आणि घराचा ओटा. ओट्यावर सासू उभी. सासू हिला पाहते. काही बोलत नाही. वळते आणि आत जाते, भिंत धरून, एकेक पाय उचलत.

आता कुणी हसत नव्हतं.

"सैनिक राहू दे," भूषण म्हणाला. "हेच बसवू."

दिपमाला नको म्हणत होती. घरातलं बाहेर काढलं म्हणतील. पुनमने समजावलं, नाव कुठे घेतोय आपण, तोंडच उघडायचं नाही. दोन दिवसांनी ती तयार झाली. त्या दिवसापासून ती काकूची अक्का झाली, आणि चहाला जाताना पोरं दारात थांबायला लागली. ती जायची, कटिंग अर्धा सोडायची, गाडीची वेळ सांगायची. पण जायची.

आठवड्याभरात पाच मिनिटांचं बसलं. मग भूषणने शेवट बदलला. सासू ओट्यावरून ओरडते, भांडी फेकून मारते, सुनेची पुस्तकं चुलीत घालते. सून जळकी वही छातीशी धरून प्रेक्षकांकडे बघते. अंधार.

"असं झालं नाही," दिपमाला म्हणाली.

"अक्का, झालं नाही ते मला माहीत आहे. पण संघर्ष लागतो. नाहीतर मार्क कोण देणार?"

"त्या माझ्या सासू आहेत."

"नाव कुठे आहे त्यात?"

"गाव ओळखतं."

"गाव येणार आहे का महोत्सवाला, धुळ्याला?"

तिने बॅग उचलली. "मग दुसऱ्या कुणाला तरी घ्या," म्हणाली आणि गेली. पाच चाळीसला अजून दीड तास होता. त्या दिवशी ती स्टेशनवर जाऊन बसली. मी नंतर पोचले तर म्हणाली, "क्रेडिट गेले तर जाऊ द्या, मॅडम. मला आता दुपारी घरी जाता येईल. कंटाळले मी."

मला तिची समजूत घालायला हवी होती. मी घातली नाही. मीही दमले होते. महोत्सवाची कागदपत्रं, ओळखपत्रं, सहा जणांच्या पालकांची संमतीपत्रं, आणि दिपमालाच्या फॉर्मवर पालक म्हणून कुणाची सही घ्यायची हा प्राचार्यांच्या कार्यालयाचा प्रश्न. त्यावर तीन दिवस चर्चा झाली होती. शेवटी तिने स्वतःच केली.

ती आठवडाभर तालमीला आली नाही. मग एका रविवारी पुनम कुणालाही न सांगता पाचोऱ्याला गेली. पत्ता विचारत विचारत घरी पोचली तर दिपमाला दळणाला गेलेली, घरात कमलबाई एकट्या. पुढचं मला पुनमनेच सांगितलं.

कमलबाईंनी तिला पाणी दिलं आणि समोर बसवलं. ही पोर कशाला आली ते काढून घ्यायला त्यांना पाच मिनिटं पुरली.

"तुम्हना नाटकमा मी काय करस?" त्यांनी विचारलं.

पुनमला खोटं बोलता येईना. "भूषण म्हणतो, तुम्ही अक्काला भांडी फेकून मारता."

कमलबाई म्हणाल्या, "भांडा फेकसू, ते मंग घासी कोन? मीच ना!"

आणि त्या हसल्या. हसता हसता गुडघा चोळायला लागल्या. मग त्या दिवसाचं सांगितलं. राग आला होता, खूप आला होता. आधी भीती वाटली होती, आणि सून घरी आली तेव्हा भीतीचा राग झाला. ओट्यावर उभं राहून पाय सुजले, पण आत जाववत नव्हतं. चार वेळा भूमिका म्हणाली, आजी बस. दिपमाला समोर दिसली तेव्हा काय बोलावं ते कळेना, म्हणून आत गेल्या. तिचं ताट वाढलं आणि झाकून ठेवलं. सकाळी उठून तिच्याआधी पाणी भरलं, पण बोलल्या नाहीत. दोन दिवस बोलल्या नाहीत.

"बोलनं व्हतं माले," त्या म्हणाल्या. "पन सुरू कोठेन करानं?"

दिपमाला दळण घेऊन आली तेव्हा पुनम ओट्यावर उभी होती आणि कमलबाई तिला दाखवत होत्या, गुडघा दुखत असेल तर वजन ह्या पायावरून त्या पायावर कसं घ्यायचं. दारात पिठाचा डबा घेऊन ती तशीच उभी राहिली. मग सासूला म्हणाली, "आत्या, तुम्ही बसा आता." पुनम म्हणते, ती रडली. दिपमाला म्हणते, डोळ्यांत पीठ गेलं होतं.

सोमवारी ती तालमीला आली. सासूचं काम पुनमने घेतलं आणि भूषणला स्पष्ट सांगितलं, भांडी नाहीत, चूल नाही. भूषणने दोन तास वाद घातला, मग टोपी फेकून म्हणाला, "करा काय करायचं ते." पण गाडीचा आवाज तोंडाने काढायला तोच उभा राहिला.

महोत्सव धुळ्याला होता, देवपुरातल्या एका कॉलेजात. आम्ही पहाटे निघालो. आमचा क्रमांक सत्ताविसावा, वेळ साडेअकराची. अशा ठिकाणी वेळ पाळली जात नाही हे मला माहीत होतं, दिपमालाला नव्हतं. तिने घरी चारपर्यंत निघते असं सांगून ठेवलं होतं. साडेअकरा वाजले, एक वाजला, तीन वाजले. पांढरे रंगवलेले चेहरे घेऊन आम्ही मंडपामागच्या पायऱ्यांवर बसलो होतो. घामाने रंग ओघळत होता, पुनम तो पुन्हा लावत होती. समोरून संघामागून संघ जात होते. चार सैनिक, तीन मोबाइल, दोन हुंडाबळी.

चार वाजता दिपमालाने घरी फोन लावला. मी शेजारीच होते. "आत्या, अजून आमचा नंबर नाही आला. उशीर होईल."

पलीकडून आवाज मला ऐकू आला. "ऊशीर ते ऊशीर. करीसनच ये."

पावणेपाचला नाव पुकारलं. सभागृहात पहिल्या दोन रांगा सोडल्या तर खुर्च्या रिकाम्या. तीन परीक्षकांतले एक चष्मा काढून डोळे चोळत होते. दिपमाला बाकावर बसली, भूषणची गाडी सुरू झाली. मान खाली गेली. मध्येच एकाचा धक्का जरा जोरात लागला आणि ती खरंच पडता पडता वाचली. चाळीसगावच्या पाटीला दाराशी उभ्या असलेल्या दोन बायका मोठ्याने हसल्या. त्या भोजनगृहातल्या होत्या, हातात रिकामं पातेलं घेऊन जाताना थांबलेल्या. शेवटी पुनम ओट्यावर उभी राहिली, एका पायावरून दुसऱ्या पायावर. दिपमाला समोर. दोघी एकमेकींकडे बघतात. सासू आत जाते, ताट आणते, झाकते. सून जेवायला बसते आणि पहिल्या घासालाच मान खाली जाते.

टाळ्या वाजल्या, थोड्या. त्या दोन बायकांनी मात्र पातेलं खाली ठेवून वाजवल्या.

नंबर आला नाही. परीक्षकांच्या शेऱ्यात लिहिलं होतं, निरीक्षण चांगलं, नाट्यमय संघर्ष कमी.

"मी म्हटलं होतं," भूषण म्हणाला.

"म्हटलं होतंस," दिपमाला म्हणाली. ती रंग पुसत होती, आणि कानामागचा काही केल्या निघत नव्हता.

मुलं जळगावच्या गाडीत बसली. आम्ही दोघींनी मध्येच पारोळ्याला उतरून पाचोऱ्याची एसटी पकडली. ती अजून कानामागचा रंग पुसत होती. मग म्हणाली, "दमले, मॅडम."

"मीपण."

"पुढच्या वर्षी काही नको."

"नको," मी म्हटलं.

क्रेडिट मिळायला तालमीच्या नव्वद टक्के तासांची हजेरी लागते. तिचे तास गैरहजेरीच्या आठवड्यामुळे चार कमी भरले. तिने धुळ्याला पायऱ्यांवर बसून काढलेले पाच तास मी त्यात धरले आणि सही केली. खोटं काही केलं असं मला वाटत नाही.

डिसेंबरात भूषणने सगळ्यांना शेतावर भरीत खायला बोलावलं. तो भाग भरिताच्या वांग्यांचा. दिपमाला यायला तयार नव्हती. रविवार हा तिचा धुण्याचा दिवस. पण ह्या खेपेला कमलबाईंनीच भूमिकाला फ्रॉक घालून तयार ठेवलं होतं, म्हणून दोघी आल्या. शेतात पोचल्या पोचल्या दिपमालाने पदर खोचला आणि वांगी कुठे आहेत, मिरच्या कुठे आहेत, विचारायला लागली. पोरांनीही सवयीने तिच्याकडे सुरी दिली. पुनमने ती परत घेतली.

"अक्का, आज तुम्ही पाहुण्या. बसा."

ती बसली, पण तिला बसता येईना. काटक्या नीट लावल्या नाहीत, वांगी उलटली नाहीत, हे सगळं तिला दिसत होतं. भूषणने भाजलेली वांगी बाहेरून कोळसा आणि आतून कच्ची. दोन वेळा ती उठायला लागली, दोन वेळा मी तिचा हात धरला. शेवटी तिने पाय लांब केले आणि केळीच्या बागेकडे बघत बसली.

जेवताना सगळे तिच्याकडे बघत होते.

"कसं आहे?" भूषणने विचारलं.

"तिखट कमी, मीठ जास्त. आणि कच्चं आहे," ती म्हणाली आणि पुन्हा घेतलं.

परत येताना गाडीत भूमिकाने विचारलं, "मम्मी, हे सगळे तुझे फ्रेंड आहेत?"

दिपमाला विचार करायला लागली. खरंच विचार करत होती. "आहेत बहुतेक," म्हणाली.

पहिल्या वर्षाला तिचा इंग्रजीचा एक पेपर राहिला, बाकी पास. भूषण पदवी घेऊन बागेत वडिलांबरोबर कामाला लागला. जूनमध्ये मला दुसऱ्या कॉलेजात तास मिळाले, धुळ्याला, त्यामुळे आता आमच्या गाड्या वेगळ्या. मागच्या महिन्यात पाचोरा स्टेशनवर भेटली, घाईत. नवलच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलंय म्हणाली, तोवर ट्रकवर दुसरा ड्रायव्हर ठेवलाय. कमलबाई बऱ्या आहेत, गुडघे तसेच.

"ह्या वर्षी उपक्रम कोणता घेतलास?" मी विचारलं.

"सांस्कृतिकच. नव्या मॅडमना काही माहीत नाही. पोरांना पालकांची संमतीपत्रं लागतात, तेही मलाच सांगावं लागलं." गाडी लागली होती, ती पायरीवर चढली. "पुनम मला विचारल्याशिवायच माझं नाव घालून आली, मॅडम. तालीम तीन ते पाच."